वाचन-लेखनाचं संशोधन आणि आपला वर्ग: खान्देशातले शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी धुळे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी शिकवतो. द्विशिक्षकी शाळा, म्हंजे दोन मास्तर, चार वर्ग, आणि त्यातला एक मास्तर कायम मीटिंगला. मधली काही वर्षं पोरं वाचायला-लिहायला कशी शिकतात यावर काम करणाऱ्या संशोधकांसोबत बसलोय, कधी वर्गात, कधी शाळेच्या लिंबाखाली, कधी डाएटच्या, म्हंजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, हॉलमधे. शिक्षण परिषदेत चहा घेताना आणि केंद्राच्या, म्हंजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात, दरवेळी व्हॉइस नोट पाठवून कंटाळलो, म्हणून एकदाचं टाईप करून टाकतोय. काही प्रश्न शिक्षकांचे आहेत, काही संशोधकांचे, एक-दोन पालकांचे.

हे संशोधक लोक वर्गात येऊन नेमकं करतात काय?

बरंचसं नुसतं बघतात. मागे बसतात, वही काढतात, तुम्ही फळ्यावर काय लिहिलं, पोरांनी काय विचारलं, कोण गप्प बसलं ते टिपतात. मग एकेका पोराला बाजूला घेऊन वाचायला देतात, अक्षरं, शब्द, छोटा उतारा, आणि पोरगं वाचत असताना कोणता शब्द कसा उच्चारला ते जसंच्या तसं लिहून घेतात. कधी घड्याळ लावून मिनिटात किती शब्द झाले ते मोजतात. कधी अर्थ नसलेले शब्द देतात, 'मळू', 'टिगा' असले, ते बघून पोरं हसतात आणि आपल्याला वाटतं हा काय येडेपणा. पण त्यामागे कारण आहे: 'आई' हा शब्द पोरगं चित्रासारखा पाठ करू शकतं, 'टिगा' पाठ असायची सोय नाही, तो वाचला म्हंजे अक्षर ओळखून वाचला. मला हे कळायला दोन महिने लागले कारण कोणी सांगितलंच नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा.

ही तपासणीच झाली ना? रिपोर्ट साहेबांकडे जातो का?

नाही जायला पाहिजे, आणि हे सुरुवातीलाच तोंडावर विचारून घ्या. अभ्यासात शाळेचं आणि शिक्षकाचं नाव येत नाही, 'शाळा क', 'शिक्षिका दोन' असं येतं. पण आपल्याकडे भिंतीला कान असतात, तालुक्यात तीन शाळांत काम चालू असेल तर 'शाळा क' कोणती हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. म्हणून मी एक अट घालतो. केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी साहेबांना जे दाखवाल ते आधी मला दाखवा. चांगले संशोधक लगेच हो म्हणतात. जो 'बघू' म्हणतो त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पोरगं 'शाळा' ला 'शाया' वाचतं. ते चूक धरायचं का?

या प्रश्नावर मी एक रात्र बोलू शकतो, कारण आमची खरी दोस्ती इथून सुरू झाली.

पहिल्या वर्षी एक मॅडम आल्या, पुण्याकडच्या. त्यांच्या शब्दयादीत 'केळी', 'डोळा', 'काळा', 'शाळा' असे शब्द. माझ्या वर्गातली एक पोरगी, घरी पक्की अहिराणी, तिने फाडफाड वाचलं: केयी, डोया, काया, शाया. मॅडमनी चार फुल्या मारल्या. मी मागे बसलेलो, मला राहवेना, मी म्हटलं मॅडम, तिने सगळं बरोबर वाचलंय, आमच्याकडे ळ चा य होतो, तिची माय पण शायाच म्हणते, मी पण घरी शायाच म्हणतो. मॅडम जरा थांबल्या, आणि मग त्यांनी असा प्रश्न विचारला की माझंच तोंड बंद झालं. म्हणाल्या, सर, मान्य, पण तिला ळ आणि य ही दोन वेगळी अक्षरं आहेत हे कळलंय, की ती चित्र आणि अंदाजावर बोलतेय, हे तुम्हाला कसं कळलं?

नव्हतं कळलं. मी गृहीत धरलं होतं.

मग दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून एक छोटी यादी केली. ळ चे खरे शब्द, ळ चे खोटे शब्द, य चे शब्द म्हंजे 'पाय', 'गाय', 'सोय', आणि शेवटी तेच शब्द सांगून लिहायला दिले. दुसऱ्या दिवशी अहिराणी बोलणाऱ्या सगळ्या पोरांकडून करून घेतलं. वाचनात गडबड जवळपास नव्हतीच, खोट्या शब्दातला ळ सुद्धा पोरं बिनचूक य म्हणून वाचत होती, म्हंजे अक्षर ओळखत होती, फक्त जीभ घरची होती. पण लिहिताना? 'डोया', 'केयी' तर आलंच, आणि वर 'पाय' चं 'पाळ', 'गाय' चं 'गाळ' पण आलं! कानाला दोन्ही एकच, मग हातानं कोणतं अक्षर काढायचं हे पोराला ठरवताच येत नव्हतं. मॅडमना वाटत होतं अडचण वाचनात आहे, मला वाटत होतं अडचणच नाही, आणि खरी अडचण होती लिखाणात, जिथं आम्ही दोघं बघतच नव्हतो.

म्हणून माझं उत्तर असं: वाचताना 'शाया' ला फुली मारू नका. लिहिताना मात्र त्याच्याशी काम करा. मी फळ्याचे दोन भाग करतो, 'घरी बोलतो' आणि 'पुस्तकात दिसतं', पोरंच शब्द आणतात, ज्वारीच्या कणसापासून बकरीच्या गळ्यातल्या घंटीपर्यंत. 'पानी' आणि 'पाणी' पण त्यात येतं. पोरांना हे आवडतं कारण त्यात घरचं बोलणं चुकीचं ठरत नाही, त्याला स्वतःचा रकाना असतो.

यातून आम्हाला काय मिळणार? मानधन?

मानधन क्वचित. प्रमाणपत्र मिळतं, ते फाईलला लावा. खरं सांगायचं तर मला वर जे ळ चं लिहिलं ते मिळालं. बावीस पोरांत पंधरा वर्षं समोर असलेली गोष्ट मला दिसत नव्हती, आणि मॅडमना माझ्याशिवाय दिसली नसती.

डी.एड.ला कृतिसंशोधन केलं होतं. तेच ना हे?

नात्यातलं आहे, पण आपण डी.एड.ला जे केलं ते बहुतेकांनी मागच्या बॅचच्या फायलीतून उतरवलं, हे तुम्हाला पण माहिती आणि मला पण. समस्या, गृहीतक, उपाययोजना, निष्कर्ष 'उपाययोजनेमुळे प्रगती झाली', संपलं. कृतिसंशोधनाची मूळ कल्पना कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या सुमाराला मांडली, त्यात एक चक्र आहे: करून बघा, काय झालं ते टिपा, विचार करा, बदला, परत करा. आपल्या फायलीत ते चक्र एकदाच फिरतं आणि नेहमी यशावरच येऊन थांबतं. पुढे इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउसने १९७५ मधे शिक्षकच संशोधक असला पाहिजे हे जोरात मांडलं.

सहकार्यातलं संशोधन थोडं वेगळं असतं, कारण त्यात बाहेरचा माणूस असतो जो 'हे कशावरून?' विचारतो. घरचा माणूस हा प्रश्न विचारत नाही, आणि स्वतःला तर आपण मुळीच विचारत नाही.

टाईम कुठून आणायचा? ऑनलाइन माहितीच्या लिंका भरायच्या, खिचडी बघायची, आणि वरून हे?

हा सगळ्यात खरा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मधे लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगर शैक्षणिक कामाला लावायचं नाही. आता रोजची लिंक, फोटो अपलोड आणि एक्सेल यातल्या कशात बसतात ते मला कोणी समजावून सांगा.

पण टाईमबद्दल संशोधनातनंच एक कामाची गोष्ट निघाली आहे. पोरांना इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवायची प्रथम संस्थेची पद्धत तुम्हाला माहिती असेलच. काही राज्यांत ती सरकारी शिक्षकांकडे दिली तेव्हा शाळेच्या नेहमीच्या धबडग्यात विरघळून गेली, साहित्य आलं, ट्रेनिंग झालं, वर्ग तसाच राहिला. मग हरियाणात त्याच सरकारी शिक्षकांना दिवसातला एक वेगळा तास फक्त यासाठी ठेवून दिला, वरचे अधिकारीही वर्गात येऊन मदत करू लागले, आणि तेव्हा पोरांचं वाचन सुधारलेलं दिसलं. म्हंजे मास्तर तेच, पोरं तशीच, फरक तासाचा आणि पाठीशी उभं राहण्याचा. तेव्हा कोणी सहकार्य करायला आलं की पहिल्यांदा विचारा, यासाठी कोणता तास रिकामा करून मिळणार आहे? 'तुमचं नेहमीचं सांभाळून करा' असं उत्तर आलं तर ते होणार नाही, आत्ताच सांगून टाका.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी दिवसाला दहा मिनिटं देतो. जास्त नाही. पुढे वहीचं लिहिलंय ते बघा.

विदेशातलं संशोधन आपल्या मराठीला लागू पडतं का?

थोडं पडतं, बरंच पडत नाही. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, गोऱ्या पोराची कटकट अशी की एकाच अक्षराचे पाच आवाज. आपल्याकडे आवाज बऱ्यापैकी ठरलेले पण चिन्हांचा डोंगर: मुळाक्षरं, त्यांची बाराखडी, वर जोडाक्षरं, वर रफार. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेला अभ्यास २००७ मधे छापून आला, त्यात दिसलं की अक्षरं पक्की व्हायला पोरांना चौथीपर्यंतही वेळ लागतो. इंग्रजीसाठी वर्षभरात अक्षरओळख संपते हे गृहीत धरलेलं वेळापत्रक आपल्याला लावलं तर आपली चांगली पोरं 'अप्रगत' दिसणारच.

पहिल्या वेलांटीचं बघा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची, बोलताना क आधी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या २००२ च्या अभ्यासात अशा शब्दांना वाचायला जास्त वेळ लागतो आणि लिहिताना जास्त चुका होतात असं आढळलं. मी हे ऐकलं तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? 'पिशवी' चं 'पशिवी' लिहिणाऱ्या पोरांना मी किती वर्षं 'लक्ष कुठं असतं रे तुझं' म्हणत आलो.

आपल्या महाराष्ट्रात असं काम कोणी केलंय का?

केलंय, आणि चांगलं केलंय. फलटणला मॅक्सीन बर्नसन होत्या, मूळच्या अमेरिकन, फलटणच्या मराठी बोलीवर पीएचडी केली आणि मग तिथंच राहून गरीब वस्तीतल्या पोरांना वाचायला शिकवायला लागल्या, पुढे प्रगत शिक्षण संस्था त्यातूनच उभी राहिली. भाषेची संशोधक स्वतःच मास्तरीण झाली, मला हे फार आवडतं. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर यांची क्वेस्ट संस्था २००७ पासून आदिवासी भागातल्या शाळांत काम करते. त्याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकात यादगीरला शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लिरिल' नावाचा मोठा अभ्यास केला, पहिलीतली पोरं तिसरीपर्यंत सलग तीन वर्षं बघितली, मराठीत आणि कन्नडमधे. त्यात दिसलेली एक गोष्ट आपल्या सगळ्यांना लागू आहे: वर्गातला वेळ अक्षरं आणि बाराखडी गिरवण्यात जातो, वाचलेल्याचा अर्थ आणि पोराचं स्वतःच्या मनातलं लिहिणं याला फार थोडा उरतो. आपण पण तेच करतो, उगाच कशाला नाही म्हणा.

खान्देशात मात्र असं सलग काम मी फारसं बघितलं नाही. जळगावला विद्यापीठ १९९० पासून आहे, आणि त्याला नाव ज्या बहिणाबाईंचं त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं! अशा विद्यापीठाच्या हद्दीत पोरं वाचायला कशी शिकतात यावर सगळ्यात जास्त काम व्हायला पाहिजे, असं आपलं माझं मत.

असर आहे, निपुण आहे, मग अजून एक कशाला?

तिघांची कामं वेगळी आहेत. असर हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून आहे, घरोघर जाऊन, अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट अशा पट्टीने, आणि त्यातून देशाचं, राज्याचं चित्र दिसतं. तिसरीतल्या ज्यांना दुसरीचा मजकूर वाचता येतो अशी पोरं देशात २०१८ ला २७ टक्क्यांच्या आसपास होती, कोरोनानंतर २०२२ ला २०.५ वर आली आणि २०२४ ला परत २७.१ झाली. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान जुलै २०२१ मधे आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला वाचन आणि गणित यावं हे त्याचं ध्येय. हे झालं ताप मोजणं. तुमच्या वर्गातली सोनी 'शब्द' पातळीवर का अडकलीय हे थर्मामीटर सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी तिच्याशेजारी बसायला लागतं.

कंट्रोल ग्रुप म्हंजे आमच्या पोरांना मुद्दाम काही द्यायचं नाही का?

एका पालकाने ग्रामसभेत विचारलेला प्रश्न आहे हा, आणि बरोबर विचारला. कंट्रोल ग्रुप म्हंजे तुलनेसाठीचा गट, ज्याला नवीन कार्यक्रम दिलेला नसतो. तुलना केल्याशिवाय फरक कशाने पडला ते कळत नाही, पोरं वाढत्या वयानेही शिकतातच. पण कोणाला उपाशी ठेवायची गरज नसते. २००१ पासून मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' चा अभ्यास झाला, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली मागे पडलेल्या पोरांना दिवसाला दोन तास बाजूला घेऊन शिकवायच्या. वडोदऱ्यात काही शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली, बाकीच्यांना चौथीसाठी, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि तुलना पण झाली. पोरांचे गुण वाढले, पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला बराच फायदा ओसरलेला दिसला, हे पण त्यांनी लपवलं नाही, छापलं. या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. तर पालकांना हे असं सांगा, अदलाबदलीचं सांगितलं की पटतं.

परवानगी कोणाची लागते?

शाळेची, वरच्या ऑफिसची लेखी, पालकांची, आणि पोराची स्वतःची. पोराची म्हंजे 'वाचशील का माझ्यासोबत?' विचारायचं आणि नाही म्हटलं तर सोडून द्यायचं, 'वाच ना रे, पाहुणे आलेत' असा दम मास्तरांनी भरायचा नाही. मी भरलाय, म्हणून सांगतो. पालकांचा फॉर्म मराठीत असला तरी वाचून दाखवा, अहिराणीत समजावून सांगा, अंगठा घेऊन मोकळं होऊ नका.

व्हिडिओचं जपून. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते. पोरगं अडखळत वाचतंय असा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा तर मुळीच नाही.

आकडे वाईट आले तर आमचीच बदनामी ना?

येतील वाईट. पहिल्या वेळी माझेही आले आणि दोन दिवस मी त्या मॅडमशी नीट बोललो नाही. मग लक्षात आलं की ते आकडे आधीपासून तसेच होते, फक्त मला आत्ता दिसले. बदनामी होते ती आकडे शिक्षकाच्या नावासकट फिरले की, म्हणून वर सांगितलेली अट घाला.

रोजची नोंद ठेवायची म्हणता, कशी?

मी तिला चुकांची वही म्हणतो. साधी शंभर पानी. कोणत्या पोराने, कोणता शब्द, कसा वाचला किंवा लिहिला, एवढंच, जसंच्या तसं. 'सूर्य' चं 'सूय' केलं तर 'सूय' लिहायचं. 'जोडाक्षर कच्चे' लिहायचं नाही! 'कच्चे', 'लक्ष नाही', 'घरी अभ्यास घेत नाहीत' हे शब्द माझ्या वहीत बंद आहेत, कारण ते लिहिले की आपला विचार तिथंच थांबतो, पोराने काय केलं ते जातं आणि मास्तरला काय वाटलं तेवढं उरतं. रोज तीन नोंदी पुरे. चौथी झाली तर बोनस. पोरं घरी गेल्यावर, कुलूप लावायच्या आधी, दहा मिनिटं. आणि दर शनिवारी आठवड्याच्या नोंदी एकदा डोळ्याखालून घालायच्या, बस, काही करायचं नाही, नुसतं बघायचं.

दोन-तीन महिन्यांनी तुम्हाला दिसायला लागतं की चुका कशाही होत नाहीत. एक पोरगं सगळे रफार खातं पण बाकी जोडाक्षरं वाचतं. दुसरं ओळीच्या सुरुवातीला बरोबर आणि शेवटाला अंदाजे. तिसऱ्याची काहीच चूक नाही, पण गोष्टीत काय झालं विचारलं की छताकडे बघतं. हे तिसरं पोरगं घड्याळाच्या टेस्टमधे पहिलं येतं बरं का, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

संशोधक आले की त्यांना पहिल्यांदा ही वही द्या. त्यांच्याकडे वर्षातनं चार भेटींची माहिती असते, तुमच्याकडे दोनशे दिवसांची. टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण बसतं ते यानं बदलतं.

सातपुड्यातली शाळा आहे, पोरं पावरी बोलतात, मला येत नाही. मी काय सहकार्य करणार?

तुमची गरज सगळ्यात जास्त आहे. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या वरच्या पाड्यांत पावरी आणि भिली बोलणारी पोरं पहिलीत येतात तेव्हा अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम शिकत असतात. अहिराणीवाल्याला मराठी कानावर असते, त्यांना तेवढीही नसते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात जमेल तिथं पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं आहे, पण पुस्तक मराठीच हातात येतं. अशा वर्गात पोरगं वाचू शकत नाही म्हणजे अक्षर येत नाही, की शब्दच कधी ऐकला नाही, हे वेगळं करणं हाच मोठा अभ्यास आहे. अंगणवाडी ताई किंवा गावातली बारावी झालेली पोरगी, जिला दोन्ही भाषा येतात, तिला पहिल्या दिवसापासून टीममधे घ्या, आणि तिला पैसे द्या. दुभाषी म्हणून चहापाण्यावर राबवू नका.

(संशोधकांकडून) आम्ही शाळेत कधी यावं?

तुमच्या कॅलेंडरप्रमाणे येऊ नका, आमच्या बघा. जूनचा दुसरा पंधरवडा दाखले आणि गणवेशात जातो. जुलै-ऑगस्ट चांगले, फक्त श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली की दोन दिवस गाव त्यातच असतं. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी, मोठी भावंडं लहानग्यांना सांभाळायला घरी. मग ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत जातात. होळीच्या वेळी सातपुड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार, पाड्यांवरचे वर्ग रिकामे, आणि मार्चपासून पुढे सकाळची शाळा, दहा वाजले की पत्रा तापतो. आखाजीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, येऊ नका, शाळाच नसते, यायचं असेल तर झोके खेळायला आणि पुरणपोळी खायला या.

आणि एक इशारा. आमच्याकडे एकदा ऑगस्टमधे आणि जानेवारीत अशी दोनदा चाचणी झाली. जानेवारीत वर्गाची सरासरी झकास वर गेली, सगळे खूश. मी हजेरीपट काढला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यातलीच बरीच पोरं ऊसतोडीला गेलेली होती, ती जानेवारीच्या यादीत नव्हतीच. राहिलेली पोरं फारशी पुढे सरकली नव्हती. दोन्ही वेळा हजर असलेल्यांचेच आकडे ताडून बघा, आणि गेलेली कुठे गेली ते मास्तरला विचारा, त्याला बहुतेक कारखान्याचं नाव पण माहिती असतं.

डेटा घेऊन गेले आणि परत फिरकलेच नाहीत. काय करायचं?

माझ्यासोबत झालंय. एक टीम आली, नाव नाही सांगत, तीन दिवस वर्ग घेतला, पोरांची फोटोसहित माहिती नेली, फोन उचलणं बंद. राग त्याचा नाही की माझं नाव आलं नाही, राग याचा की त्या वर्षी दुसरीत असलेली पोरं आता आठवीत गेली आणि त्यांच्याबद्दल काय कळलं ते मला अजून माहिती नाही. तेव्हापासून मी एक तारीख लिहून घेतो: चाचणीनंतर तीन आठवड्यांच्या आत, पेपर-बिपर नंतर छापा, आधी माझ्या वर्गाबद्दल जे दिसलं ते एका पानावर, मराठीत, मला द्या. पोरं एप्रिलमधे वर्ग सोडतात, त्यानंतर आलेलं उत्तर दुसऱ्याच पोरांवर पडतं.

छापून आलं तर नाव कोणाचं?

प्रश्न तुमच्या वर्गातनं निघाला, नोंदी तुमच्या, अर्थ लावताना तुम्ही बसलात, तर लेखक म्हणून तुमचं नाव पाहिजे. शेवटी आभारात 'स्थानिक शिक्षकांचे सहकार्य लाभले' एवढ्यावर भागवून घेऊ नका. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने लिहून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या, पण लिहून घेणाऱ्यांनी नाव कोणाचं ठेवलं ते बघा.

आणि इंग्रजी पेपरची वाट बघत बसू नका. 'जीवन शिक्षण' मासिकाला पाठवा, नवोपक्रम स्पर्धेत द्या. साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढायचे, आपल्याला महिन्याला दोन पानं जड नाहीत.

संशोधकाचं आणि माझं पटलं नाही तर?

भांडा, पण पोराची वही मधे ठेवून. माझं आणि मॅडमचं बाराखडीवर अजून पटत नाही. त्या म्हणतात पूर्ण बाराखडी पाठ करून घेण्यात वेळ जातो, मी म्हणतो सूर लागला की मागच्या बाकावरचं पोरगं पण ओढलं जातं. यंदा आम्ही निम्म्या अक्षरांना एका पद्धतीने आणि निम्म्यांना दुसऱ्या पद्धतीने करतोय. कोण जिंकलं ते फेब्रुवारीत कळेल, कळवतो ग्रुपवर.

पाहुणे दिवसभर शाळेत असतात, जेवणाचं काय करायचं?

पोरांसोबत खिचडी खाऊ द्या, त्यांना पोरं जास्त बोलतात तेव्हाच. थंडीत आले तर शेतात भरीत आणि कळण्याची भाकरी करा. शेवभाजी देणार असाल तर तिखट आधी विचारून घ्या, मागच्या वेळी एका सरांची दुपारची सगळी निरीक्षणं पाण्याच्या माठाजवळ झाली.